सायकलला जडलेला ओपनर

कामोठे – सायकलला घंटी असते, मडगार्ड असते, कॅरिअर असते. हौशी स्वाराच्या सायकलला दिवा, पंप आणि पाण्याच्या बाटलीची जाळीही असते. या यादीत गेल्या काही दशकांत एका अनपेक्षित वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे बाटलीचे झाकण उघडणारा ओपनर. कुठे तो सीटखाली लपलेला असतो, कुठे चाकाचा नट सैल करणाऱ्या पान्याच्या दांड्यात कोरलेला, तर कुठे थेट मागच्या चाकाच्या आसापाशी बसवलेला. बिअरची आवड असलेल्या सायकलस्वारांसाठी परदेशातील काही कंपन्यांनी अशी साधने नियमित उत्पादन म्हणून बाजारात आणली. आज ती ऑनलाइन खरेदीच्या वाटेने कामोठ्यातल्या सोसायटीच्या दारापर्यंतही येऊ शकतात.

वरवर पाहता हा चैनीचा, किंबहुना थट्टेचा विषय वाटेल. पण या बोटभर पोलादी तुकड्यामागे सव्वाशे वर्षांहून जुने यंत्रशास्त्र आहे, सायकल आणि बिअर यांच्या जुन्या सोयरिकीचा इतिहास आहे आणि एक गंभीर प्रश्नही आहे. बाटली उघडण्याची सोय सायकलवरच असेल, तर ती उघडायची कधी आणि कुठे? सायन-पनवेल महामार्गाला लागून वसलेल्या कामोठ्यातील सायकलस्वारासाठी हा प्रश्न जिवाशी निगडित आहे. म्हणूनच या वस्तूची ओळख करून घेताना तिचे यंत्र, तिचा कायदा आणि तिचा धोका या तिन्ही बाजू पाहणे इष्ट ठरते.

आधी झाकण, मग ओपनर

ओपनरची गोष्ट झाकणापासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकात सोडावॉटर व बिअर बाटलीत भरणाऱ्यांपुढे मोठी अडचण होती. आतल्या वायूच्या दाबाने बूच उडून जाई किंवा वायू हळूहळू निसटून पेय शिळे होई. यावर तारेने बांधलेली बुचे, चिनी मातीची झाकणे असे नाना उपाय झाले. इंग्लंडमधील हायरम कॉड याने १८७० च्या दशकाच्या आरंभी मानेत काचेची गोटी अडकवलेली बाटली तयार केली. आपल्याकडील गोटी सोडा हे तिचेच रूप. ती उघडायला ओपनर लागत नाही; अंगठ्याने किंवा लाकडी दट्ट्याने गोटी आत ढकलली की काम झाले.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातील विल्यम पेंटर या संशोधकाने या प्रश्नाचा निकाल लावला. पत्र्याच्या चकतीच्या कडेला दाते पाडून ती बाटलीच्या ओठावर दाबून बसवायची आणि आतून बुचाचे पातळ अस्तर लावायचे, ही त्याची कल्पना. राजमुकुटासारख्या दिसणाऱ्या या झाकणाचे पेटंट त्याला १८९२ मध्ये मिळाले. प्रारंभी या झाकणाला २४ दाते होते. पुढे ते २१ वर स्थिरावले. बुचाच्या अस्तराची जागा कालांतराने प्लास्टिकने घेतली. मात्र मूळ रचना आजही तीच आहे. जगातल्या बहुतेक बिअरच्या आणि काचेच्या बाटलीतील शीतपेयांच्या तोंडाचा व्यास २६ मिलिमीटरच्या आसपास असतो, तो याच झाकणामुळे.

हे झाकण हाताने निघत नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य आणि हीच त्याची अडचण. त्यामुळे पेंटरने लगोलग ते उघडणारे हत्यारही तयार केले आणि १८९४ मध्ये त्याचेही पेटंट घेतले. याच पेंटरच्या कंपनीत किंग कॅम्प जिलेट नावाचा विक्रेता नोकरीला होता. लोक वापरतील, फेकतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील अशी वस्तू शोध, असा सल्ला पेंटरने दिल्याचे जिलेट सांगत असे. पुढे त्याने फेकून देण्याजोग्या पात्याचा वस्तरा आणला. झाकण फेकायचे असते. ओपनर मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

अडकित्त्याची तरफ

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तरफेचे तीन प्रकार शिकवले जातात. त्यांतील दुसऱ्या प्रकारात टेकू एका टोकाला, बल दुसऱ्या टोकाला आणि भार मधोमध असतो. अडकित्ता आणि लिंबू पिळण्याचे साधन ही त्याची घरगुती उदाहरणे. नेहमीचा ओपनरही त्याच कुळातला. त्याची जीभ झाकणाच्या माथ्यावर टेकते, हा टेकू. खालचा ओठ झाकणाच्या दातांखाली अडकतो, तिथे भार. हाताने दांडा वर उचलला जातो, ते बल. टेकूपासून झाकणाची कड दोन-अडीच सेंटिमीटरवर आणि हात दहा-बारा सेंटिमीटरवर असल्याने हाताचा जोर साधारण चार-पाच पटींनी वाढतो. दाते एका बाजूने उलगडतात, आतला वायू निसटतो आणि झाकण निघते.

ओपनर भिंतीला, टपरीला किंवा सायकलला पक्का बसवला की हे चित्र उलटे होते. हत्यार जागेवर राहते आणि बाटलीच दांड्याचे काम करते. पूर्वी शीतपेयांच्या दुकानात बर्फाच्या पेटीला बाहेरून जडलेला ओपनर आणि त्याखाली झाकणांचा डबा हे दृश्य सर्रास असे. अशा भिंतीवरच्या ओपनरांपैकी जगभर गाजलेला 'स्टार एक्स' हा अमेरिकी नमुना १९२५ मध्ये पेटंट झाला. सायकलवरचा ओपनर त्याचाच वंशज म्हणता येईल. मोठी बाटली जवळजवळ फूटभर उंच असते. त्यामुळे इथे तरफेचा दांडा लांब होतो आणि अगदी थोड्या जोराने झाकण निघते.

पण हाच लांब दांडा काचेचा आहे, हे विसरून चालत नाही. बाटली वाकडी धरली किंवा ओठ दातांखाली नीट न बसता काचेवर बसला, तर मानेची कपची उडण्याची शक्यता असते. कपची उडालेली बाटली पिण्यास अयोग्य समजून टाकून द्यावी, हा साधा नियम.

सायकलवर कुठे कुठे?

ढोबळमानाने अशा साधनांचे तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग सायकलच्या सांगाड्यालाच जोडलेल्या ओपनरांचा. दुसरा, हत्यारात सामावलेल्या ओपनरांचा. तिसरा, स्वाराच्या अंगावरील वस्तूंचा.

पहिल्या वर्गाचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील 'सर्ली' या कंपनीचा 'टगनट'. मूळ काम चेन ताणून धरण्याचे. गिअर नसलेल्या सायकलला चेन ताणणारी वेगळी यंत्रणा नसते. मागच्या चाकाचा आस आडव्या खाचेत पुढे-मागे सरकवून चेन ताणावी लागते आणि जोरात पेडल मारल्यावर तो पुढे सरकू नये म्हणून त्याला मागून खेचून धरणारा तुकडा बसवतात. या तुकड्यालाच कंपनीने ओपनरचा आकार दिला. वजन जवळजवळ वाढले नाही, आणि एका सुट्या भागाने दोन कामे केली. याखेरीज सीटखालच्या दांड्यांना अडकवायचे, हॅण्डलच्या टोकाला किंवा माथ्यावरच्या टोपणाच्या जागी बसवायचे ओपनरही मिळतात.

दुसरा वर्ग अधिक व्यवहार्य. ज्या सायकलची चाके झटपट निघणाऱ्या खिट्टीऐवजी नटाने आवळलेली असतात, तिच्या स्वाराला वाटेत पंक्चर काढायचे तर पाना जवळ बाळगावाच लागतो. बहुतेक सिंगल स्पीड आणि फिक्स्ड गिअर सायकलींना १५ मिलिमीटरचा पाना लागतो. तो रोज खिशात असणारच, तर त्याच्या दांड्यात ओपनर का असू नये, असा विचार कारागिरांनी केला. सर्लीचा 'जेथ्रो ट्यूल' आणि 'पेड्रोज' या कंपनीचा 'ट्रिक्सी' ही त्याची उदाहरणे. एकाच पोलादी पट्टीत १५ चा पाना आणि ओपनर अशी त्यांची रचना आहे; 'ट्रिक्सी'त मागच्या दात्याची कडी फिरवणारा आकडाही आहे. सायकल दुरुस्तीची हत्यारे बनवणाऱ्या 'पार्क टूल' या प्रसिद्ध कंपनीनेही स्वतंत्र ओपनर विक्रीस आणले.

तिसऱ्या वर्गात कमरेचे पट्टे, किल्ल्यांच्या साखळ्या आणि पादत्राणे येतात. 'रीफ' या कंपनीने ऑस्ट्रेलियन लाटस्वार मिक फॅनिंग याच्या नावाची चप्पल आणली, तिच्या तळव्यातच ओपनर आहे. रस्त्याची धूळ खाल्लेल्या तळव्याने बाटलीचे तोंड उघडण्यावर आरोग्याच्या दृष्टीने जी टीका व्हायची ती झाली. चप्पल मात्र खपली.

या सर्वांहून वेगळा एक प्रकार उल्लेखनीय आहे. झिजून निकामी झालेल्या सायकलच्या चेनपासून आणि दात्यांपासून बनवलेले ओपनर हस्तकलेच्या वस्तू म्हणून विकले जातात. हजारो किलोमीटर धावून भंगारात जाणारी चेन घरात भिंतीवर विसावते, ही कल्पना अनेकांना भावते.

सायकल आणि बिअर : जुनी सोयरीक

ओपनर सायकलवर चढला, तो उगाच नव्हे. युरोपात सहलीला निघालेला सायकलस्वार आणि वाटेवरचे बिअरचे अंगण यांचे नाते फार जुने आहे. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात बिअर व लिंबाचे गोड सोडायुक्त पेय समप्रमाणात मिसळून केलेल्या पेयाला 'राडलर', म्हणजे चक्क 'सायकलस्वार' असे नाव आहे. म्युनिकजवळच्या डायझेनहोफेन येथील फ्रान्झ झेव्हर कुगलर या खानावळवाल्याकडे १९२२ च्या जूनमध्ये हजारो सायकलस्वार एकदम आले, बिअर पुरेना, तेव्हा त्याने पडून असलेले लिंबाचे पेय तिच्यात मिसळले आणि स्वारांना घरी जाताना तोल सांभाळता यावा म्हणून आपण हे पेय योजले, अशी बतावणी केली, ही तिथली लोकप्रिय आख्यायिका. मात्र १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेना क्रिस्ट या लेखिकेच्या आठवणींत या पेयाचा उल्लेख आधीच आढळतो. म्हणजे कुगलरने पेय शोधले नसावे. गोष्ट मात्र त्याच्या नावावर जमा झाली. सायकलस्वाराने प्यायचे तर सौम्य प्यावे, हे शहाणपण तिथे शंभर वर्षांपूर्वीच होते, हा तिचा मथितार्थ.

अमेरिकेत ही परंपरा कॉलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स येथे रुजली. जेफ लेबेश या अभियंत्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस रुंद टायरच्या सायकलवरून बेल्जियमची भटकंती केली, तिथल्या बिअरचे प्रकार चाखले आणि परतल्यावर किम जॉर्डन यांच्यासमवेत १९९१ मध्ये 'न्यू बेल्जियम' ही कंपनी काढली. तिच्या प्रमुख बिअरचे नाव 'फॅट टायर'. बाटलीवर सायकलचे चित्र असे, आणि नोकरीचे एक वर्ष पुरे करणाऱ्या कर्मचाऱ्याला कंपनीतर्फे सायकल भेट देण्याची प्रथाही तिथे पडली.

या सोयरिकीचा अतिरेकही झाला. नेदरलँड्समध्ये १९९७ मध्ये दहा-पंधरा जणांनी मिळून पेडल मारायचे चाकांवरचे मद्यगृह रस्त्यावर आले. 'बिअर बाईक' या नावाने ते युरोपभर पसरले. पर्यटकांचा आरडाओरडा आणि वाहतुकीची कोंडी यांमुळे रहिवासी त्रासले आणि अखेर २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या मध्यभागात त्याला बंदी झाली. ज्या देशात सायकल हे रोजचे वाहन आहे, त्यानेच पेडल आणि पेला यांच्यात अंतर राखण्याचा निर्णय घेतला, ही बाब बोलकी आहे.

तळोज्याची बिअर, कामोठ्याचा रस्ता

आता आपल्याकडे पाहू. पनवेल तालुक्यातील कामोठे हे सिडकोने वसवलेले उपनगर. १ ऑक्टोबर २०१६ पासून ते पनवेल महानगरपालिकेत आहे. मानसरोवर आणि खांदेश्वर ही हार्बर मार्गावरील स्थानके त्याच्या दोन बाजूंना. उत्तरेकडे, त्याच पनवेल तालुक्यात, तळोजा औद्योगिक वसाहत लागते. किंगफिशर बिअरसाठी ओळखल्या जाणाऱ्या युनायटेड ब्रुअरीज या कंपनीचा कारखाना याच वसाहतीत आहे. या कंपनीचे नियंत्रण २०२१ मध्ये हायनेकेन या डच उद्योगाकडे गेले. म्हणजे बिअर कामोठ्याला परकी नाही. ती शेजारीच तयार होते.

सायकलही परकी नाही. सुट्टीच्या पहाटे कर्नाळ्याच्या दिशेने किंवा खारघरच्या टेकडीकडे निघायला कामोठे सोयीचे. पण वाट सोपी नाही. एका अंगाला सायन-पनवेल महामार्ग, दुसऱ्या अंगाला कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार आणि जेएनपीए बंदराच्या दिशेने ये-जा करणारे कंटेनरचे ट्रेलर. अशा रस्त्यावर सायकलस्वाराचे संरक्षण फक्त दोन गोष्टी करतात. एक, त्याचा तोल आणि दुसरी, त्याची नजर. दारू नेमकी याच दोहोंवर घाला घालते.

शिवाय, बाटली उघडायची कुठे, हाही पेच आहेच. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा, म्हणजेच आजचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, अजूनही लागू आहे. मद्य बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो, ही त्याची मूळ चौकट. महाराष्ट्रातील बारच्या पाट्यांवर आजही झळकणारा 'परमिट रूम' हा शब्द त्याच चौकटीतून आला. बिअर पिण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. रस्ता, बाग, खाडीकिनारा ही मद्यपानाची ठिकाणे नव्हेत. कर्नाळ्यासारख्या अभयारण्यात तर मद्य नेण्यासच मनाई आहे.

मग उरते काय? परमिट रूम आणि घर. परमिट रूममध्ये झाकण उघडायला वेटर असतो आणि घरी ओपनर स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेला असतो. त्यामुळे कामोठ्यातील सायकलला जडलेल्या ओपनरच्या वाट्याला वाटेवर येतात ती मुख्यत्वे टपरीवरची शीतपेये आणि सोड्याच्या काचेच्या बाटल्या. झाकण तेच, २१ दात्यांचे. पेंटरने ते मुळात कोणत्याही वायुयुक्त पेयासाठी केले होते, हे लक्षात घेता ओपनरचा यात काही अवमान नाही.

कायदा काय म्हणतो?

'सायकलवर दारू पिऊन बसले तर पोलीस काही करू शकत नाहीत,' असा समज बऱ्याच जणांचा असतो. तो अर्धवट आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क घेऊन मोटार वाहन चालवणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. या कलमातील शब्द 'मोटार वाहन' असा आहे. पायाने चालणारी सायकल त्यात बसत नाही. २५० वॉटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली, नियमांतील अटी पूर्ण करणारी विजेरी सायकलही मोटार वाहन गणली जात नाही. इथवर समज बरोबर आहे.

पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन जीविताला धोका होईल अशा बेदरकारपणे चालवण्याबद्दल आहे. त्यात इंजिनाची अट नाही. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कलम ३५५ नुसार सार्वजनिक ठिकाणी नशेत गैरवर्तन करून इतरांना उपद्रव देणाऱ्यास २४ तासांपर्यंत साधी कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. जुन्या भारतीय दंड विधानात याच गुन्ह्याला दंड होता अवघा दहा रुपये. राज्याच्या दारूबंदी अधिनियमातही सार्वजनिक ठिकाणच्या नशेबद्दल स्वतंत्र तरतूद आहे.

इतर देशांनी सायकलसाठी वेगळे निकष ठरवले आहेत. जर्मनीत रक्तातील मद्यार्क दर हजारी १.६ वर गेल्यास सायकलस्वार वाहन चालवण्यास पूर्ण अपात्र मानला जातो आणि त्याचा मोटारीचा परवानाही धोक्यात येतो. जपानने १ नोव्हेंबर २०२४ पासून नियम कडक केले. श्वासाच्या एका लिटरमध्ये ०.१५ मिलिग्रॅम मद्यार्क आढळल्यास सायकलस्वाराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्याकडे सायकलसाठी अशी आकड्यातील मर्यादा नाही. मात्र कायद्यात आकडा नसला म्हणून ट्रेलरचे चाक सवलत देत नाही.

बाटलीतला हिशेब

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मानकांनुसार पाच टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर साधी आणि पाच ते आठ टक्क्यांची 'स्ट्राँग' गणली जाते. आपल्याकडे मोठी बाटली ६५० मिलिलिटरची. पाच टक्क्यांच्या मोठ्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम आणि आठ टक्क्यांच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. निरोगी शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्क निकालात काढते. म्हणजे एका स्ट्राँग बाटलीचा अंमल पूर्ण उतरायला चार ते सहा तास लागू शकतात. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने साधी मोठी बाटली रिकाम्या पोटी घेतली, तर ढोबळ हिशेबाने रक्तातील प्रमाण ५० मिलिग्रॅमच्या आसपास जाते. मोटार चालवणाऱ्याला घातलेली मर्यादा ३० ची आहे, हे इथे आठवावे. स्त्रियांच्या व कमी वजनाच्या व्यक्तींच्या बाबतीत हे प्रमाण अधिक चढते.

दोन-तीन तासांची रपेट करून आलेल्या स्वाराचे शरीर घामाने आधीच कोरडे पडलेले असते. मद्यार्क लघवीचे प्रमाण वाढवतो, त्यामुळे तहान भागल्यासारखी वाटली तरी पाण्याची तूट भरून निघतेच असे नाही. कोकणपट्टीच्या दमट उकाड्यात हे विशेष जाणवते. आधी पाणी, मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत आणि काहीतरी खाणे, हा क्रम शहाणपणाचा. मद्यपानाची पूर्णतः सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

घ्यायचाच असेल तर

ज्यांना हौस आहे, त्यांनी ओपनर निवडताना काही गोष्टी पाहाव्यात.

धातू : कामोठे खाडीलगत आहे. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत साधे लोखंड लवकर गंजते. ओपनर स्टेनलेस स्टीलचाच असावा. अ‍ॅल्युमिनिअमच्या सांगाड्याला पोलादी तुकडा थेट टेकवून बसवल्यास खारट ओलाव्यात सांध्यावर अ‍ॅल्युमिनिअम झिजते. मध्ये रबराची किंवा प्लास्टिकची चकती घालावी.

जागा : बाटली फिरायला मोकळी जागा हवी. आरे, चेन किंवा ब्रेकची केबल वाटेत येत असेल तर तिथे ओपनर बसवू नये. कार्बनच्या सांगाड्याला ओपनर आवळणे टाळावेच. एका ठिकाणी पडणारा दाब त्याला सोसत नाही.

टोके : पडल्यावर मांडीत किंवा गुडघ्यात घुसेल असे टोक बाहेर राहता कामा नये. या दृष्टीने सांगाड्यावरच्या ओपनरापेक्षा हत्याराच्या पिशवीतला पाना बरा.

स्वच्छता : उघडताना उसळलेला फेस चेनवर पडला तर तिथे चिकट थर बसून धूळ धरतो. पाण्याने धुऊन, पुसून पुन्हा तेल द्यावे. ओपनरही धुवावा, तो चिखल उडण्याच्या जागी असतो.

काच : सायकलच्या पिशवीतून काचेची बाटली नेणे टाळावे. खड्ड्यांच्या हादऱ्याने पेयातला वायू खवळतो, आणि पडल्यावर काच फुटून गंभीर इजा होऊ शकते. काढलेले झाकण रस्त्यावर टाकू नये. त्याचे दाते पुढच्या सायकलचा टायर फाडू शकतात.

चाक थांबल्यावर

ओपनरचे भवितव्य काय, हाही प्रश्न आहे. टिनच्या डब्यांना तो लागत नाही. कडी ओढून निघणारी झाकणे आली आहेत. महाराष्ट्रात २००९ पासून सुरू झालेल्या लघु मद्यनिर्मिती केंद्रांत ताजी बिअर थेट नळातून पेल्यात येते. तरीही सायकलवरचा ओपनर विकला जातो, कारण तो गरजेपेक्षा एका भावनेची खूण आहे. सोबतीने चढ चढायचा, सोबतीने धापा टाकायच्या आणि सगळे सुखरूप परतल्यावर एकत्र बसायचे, ही ती भावना. तिच्यात काही गैर नाही. ती बाटली बिअरची असो वा सोड्याची, गप्पांना फरक पडत नाही.

पथ्य एवढेच, की बिअरची बाटली उघडायची तर ती दिवसाची शेवटची फेरी पुरी करून, सायकल कुलूपबंद करून आणि पुन्हा तिच्यावर बसायचे नाही हे ठरवून. बिअरच्या बाटलीवर २०१९ पासून छापणे बंधनकारक झालेल्या वैधानिक इशाऱ्यात मद्यपान आरोग्यास घातक असल्याचे सांगून सुरक्षित राहण्याचा आणि पिऊन वाहन न चालवण्याचा सल्ला दिलेला आहे. कलम १८५ मध्ये 'मोटार' हा शब्द आहे. या इशाऱ्यात तो नाही. दोन चाके आणि दोन पाय यांवर चालणाऱ्या वाहनालाही तो तितकाच लागू पडतो.